कुलपातली अक्षरं

मला राग लवकर येतो, असं आमच्या शाळेत सगळेच म्हणतात. खोटं नाही. पण रागाला कारण लागतं, आणि आमच्या शाळेत ते कारण पंडित सरांच्या कमरेला लटकलेलं असायचं. कपाटाची किल्ली. पंडित सर मुख्याध्यापक, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. पहिली-दुसरी माझ्याकडे. खिचडी शिजवायला मुक्तामावशी. एवढीच आमची शाळा, चकलांब्याच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की आसपासची चार गावं म्हणतील, हे तर आमच्याच शाळेचं आहे.

दोन वर्षांपूर्वी वरून एक पेटी आली. आत लाकडी अक्षरं होती, चांगली बोटभर जाडीची, रंगवलेली, गुळगुळीत. काने, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे सुटे. पोरांनी हातात घ्यावीत, जोडावीत, मोडावीत, त्यातून शब्द करावेत म्हणून पाठवलेली. पंडित सरांनी पेटीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप घातलं. त्यानंतर मी किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं. "मॅडम, एखादं अक्षर हरवलं तर वर काय सांगायचं?" पोरांना एकही अक्षर आलं नाही तर वर काय सांगायचं, याची मात्र त्यांना काळजी नव्हती.

लोक मला समजावतात, पंडित सर माणूस वाईट नाही, भित्रा आहे. असेल. पण भित्र्या माणसाच्या भीतीची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं, आणि आमच्याकडे ते सात वर्षांचं असतं. म्हणून मला भित्र्या माणसाचा जास्त राग येतो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मग मी माझी अक्षरं केली. गेवराईच्या हायवेवर एका हॉटेलवाल्याकडे सोड्याच्या बाटल्यांच्या झाकणांचं पोतं पडलं होतं, ते मागून आणलं. घासून धुतली आणि ऑइल पेंटनं एकेका झाकणावर एकेक अक्षर काढलं. अक्षरं काळी, काना-मात्रा तांबड्या. पसरट थाळ्यांत वाळू घालून त्यात बोटानं अक्षर गिरवायचं, अशीही सोय केली. त्या वाळूची गंमतच झाली. दोन घमेली वाळू स्कूटीवरून आणली, तर चावडीपाशी बसलेल्यांनी मला विचारलं, मॅडम, पावती आहे का? गोदावरीतून रात्रभर वाळूचे हायवा ट्रक भरून जातात, तेव्हा या सगळ्यांना गाढ झोप लागलेली असते. माझ्या दोन घमेल्यांना मात्र पावती हवी होती.

आमच्याकडे पोरं अक्षरं शिकत नाहीत, गातात. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा. सगळा वर्ग एका सुरात गातो, बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं काय शाळा आहे. पण फळ्यावरच्या सुट्या 'क'वर बोट ठेवलं तर पोर म्हणतं, कमळ. अरे, पण हे अक्षर कोणतं? कमळ. बरं, आमच्या गावात कमळ कुणी बघितलंय? विहिरीत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात, कमळं नाही.

या गाण्यात सगळ्यांत मोठा आवाज असायचा संस्कृतीचा. धुळाजीची पोरगी, दुसरीतली. धुळाजी मेंढरं राखतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ सटवा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. पहिलीत असताना संस्कृतीही त्यांच्यासोबत गेली होती, म्हणजे तिची पहिली निम्मी रानातच गेली. दुसरीत आली तेव्हा तिला गाणं येत होतं आणि अक्षर एकही येत नव्हतं. पंडित सर तिला हसून 'पालथा घडा' म्हणायचे, आणि तेही तिच्यासमोर. पोरगी ओशाळून हसायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पावसाळा सरता सरता एकदा धुळाजी स्वतः शाळेत आला. काठी दाराला टेकवली, चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशीच उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याची आई कडूबाई गावातच राहते, तेव्हा पोरीला आजीपाशी ठेवता येईल. पण कोकरं सांभाळायला हात लागतात. पोरीला शाळेत काही येणारच नसेल तर ठेवून काय उपयोग? आणि येत असेल, तर तो कोकरं स्वतः खांद्यावर वाहील. "येतंय का न्हाई एवडं सांगा मॅडम. मला काय कळत न्हाई त्यातलं." मी म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या शनिवारी या आणि स्वतःच बघा. तो म्हणाला, बरं, तोवर मी मेंढरं हालवत न्हाई.

आता हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. ज्याच्या मेंढरांचा चारा संपत आलाय, त्या माणसानं ते म्हणणं साधं नसतं. माझ्या शब्दावर तो थांबला होता.

मी संस्कृतीचं आधी गाणंच बंद केलं. म्हटलं, आता टाळ्या. एक शब्द बोलायचा आणि त्याचे तुकडे टाळीवर पाडायचे. मेंढी, दोन टाळ्या. कोकरू, तीन टाळ्या. जितक्या टाळ्या तितके चिंचोके जमिनीवर मांडायचे. मग चिंचोका उचलायचा आणि त्या जागी त्याच आवाजाचं झाकण ठेवायचं. आधी कान, मग हात, डोळा सगळ्यांत शेवटी. पहिले काही दिवस तिनं नुसते चिंचोके खिशात भरून नेले. मी रोज नवे मांडले.

मग एका दुपारी तिनं 'कोकरू'चे तीन चिंचोके मांडले, त्यांच्याकडे बघत बसली आणि पहिला चिंचोका बोटानं बाजूला सारला. "मॅडम, 'को' गेला की 'करू' ऱ्हातंय." एवढं बोलून ती माझ्याकडे बघायला लागली, जणू काही मोडलंय आणि आता ओरडा बसणार. मी तिला उचलून घेतलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. ज्या पोरीच्या कानाला एवढं कळतं, तिला इतके दिवस पालथा घडा म्हणत होते.

त्यानंतर तिला थोपवणं अवघड झालं. झाकणांचा डबा उघडला की ती पालथी पडून अंगणभर शब्द मांडायची. काठी, विळा, लांडगा, आजी, ताक. कमळ एकदाही नाही.

आणि मग साहेबांची भेट ठरली. वरचे साहेब येणार, पहिली-दुसरीच्या पोरांना वाचता येतं का ते बघणार. गुरुवारी. माझ्या शनिवारच्या दोनच दिवस आधी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघा तर खरं माझी पोरं.

गुरुवारी सकाळी शाळेत आले तर फाटकाला आंब्याचं तोरण होतं. पंडित सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. कपाट उघडलेलं, पेटी बाहेर, टेबलावर नवी चादर आणि तिच्यावर लाकडी अक्षरं ओळीनं मांडलेली, रुखवतातल्या भांड्यांसारखी. मी मनात म्हटलं, चला, या निमित्तानं का होईना, बाहेर आली. आणि माझ्या वर्गात पाऊल ठेवलं.

माझ्या वर्गात चौथीची पोरं बसली होती. दुसरीच्या बाकांवर. हरिओमचे तर गुडघे बाकाखाली मावत नव्हते, तो तिरका बसला होता. माझी पाचसहा पोरं पुढं होती, बाकीची गायब.

मी सरांना विचारलं, माझी पोरं कुठं आहेत? सर शांतपणे म्हणाले, जी जरा कच्ची आहेत त्यांना आज घरी थांबायला सांगितलंय, मॅडम, एका दिवसाचा प्रश्न आहे, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, संस्कृती? तिला येतं वाचायला. सर हसले. तिला? त्यांनी तिला जूनपासून एकदाही काही वाचायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी पालथा घडा पालथाच होता, कारण तो सुलटा करून बघायला वाकावं लागतं.

मुक्तामावशी चुलीपाशी तांदूळ निवडत होती. ती माझ्याकडे बघेना. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा खालमानेनं बोलली. सरांनी काल संध्याकाळी तिलाच घरोघर पाठवलं होतं. "मला काय ठावं बाई. सर मनले सांगून ये, मी गेलते." धुळाजीच्या घरी काय सांगितलं? तर तिनं सरांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. पोरीला उद्या शाळेत धाडू नका, साहेब येणार हायेत, हिला काय येत न्हाई. आणि धुळाजी काय म्हणाला? "काय न्हाई. बरं मनला. रातीच बिऱ्हाड बांधलं त्यानं. पहाटं मेंढरं गेली गेवराईच्या रस्त्यानं. पोरगी बी."

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी झाकणांचा डबा उचलला आणि स्कूटीला लावला. सर मागून म्हणत होते, मॅडम, साहेब निघालेत बीडहून, तुम्ही कुठं चाललात? मी सांगितलं, शाळेची इज्जत आणायला. मग किक मारली.

मेंढरांच्या मागं जाणं सोपं असतं, रस्ताच सांगतो. गेवराईच्या अलीकडे ती सापडली. पुढं सटवा, मध्ये मेंढरं, मागं घोड्यावर बिऱ्हाड, लगाम धरून धुळाजीची बायको, आणि सगळ्यात मागं संस्कृती, कडेवर कोकरू घेऊन. शाळेचाच गणवेश अंगात होता. मला बघून ती हसली नाही. मान खाली घालून चालत राहिली.

धुळाजी थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला सहन होईना. तो म्हणाला, तुमी शनिवार मनल्या होत्या, पर शाळंनंच आधी सांगून धाडलं. मंग थांबून काय करायचं? मी त्याला म्हटलं, ते शाळेनं नाही सांगितलं, एका माणसानं सांगितलं. त्याला हा फरक काही पटला नाही. मुख्य गुरुजी म्हणजेच शाळा, असंच कुणालाही वाटणार. मी म्हटलं, धुळाजीभाऊ, तुम्ही शनिवारी बघणार होता ते आत्ता बघा. आणि डबा रस्त्याच्या कडेला मातीत पालथा केला.

अडाणी माणूस अक्षराची परीक्षा कशी घेणार? पण त्याला ती सुचली. "तुमी तिकडं तोंड करून उभ्या ऱ्हा मॅडम. मी हिच्या कानात सांगतो. ती मांडंल. तुमी वाचा." मी वळून उभी राहिले. पाठीमागं झाकणांचा खुळखुळाट होत होता. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, मेंढरं बिचकली, सटवा त्यांना वळवायला धावला. खुळखुळाट थांबला. मी वळले.

मातीत झाकणांनी लिहिलं होतं, झिपरी.

मी वाचलं आणि विचारलं, झिपरी म्हणजे कोण? धुळाजीनं काठीनं कळपातल्या एका मेंढीकडे दाखवलं, जिच्या कपाळावर लोकरीचा झुबका डोळ्यांवर आला होता. मग म्हणाला, अजून एकदा. एखादं मेंढरू चुकून बी बरोबर वाटंला लागतं. मी पुन्हा वळले, पुन्हा वाचलं. या वेळी 'सोनपट्टी' होतं. जोडाक्षराला दोन 'ट' एकमेकांना चिकटवून ठेवले होते, असं मी शिकवलंच नव्हतं. ती दुसरी मेंढी निघाली. मला त्या मेंढ्यांची नावं माहीत असायचं काही कारणच नव्हतं, आणि धुळाजीला ते पक्कं माहीत होतं.

तो खाली बसला. झाकणांवरून हात फिरवला. आणि आता पहिल्यांदा त्याच्या तोंडावर राग आला, माझ्या रागाएवढाच. "येतंय की पोरीला. मंग असा सांगावा कावून धाडला?"

मी म्हटलं, हे त्यांनाच विचारू. सटवाला मेंढरं झाडाखाली बसवायला सांगितलं आणि आम्ही स्कूटीवर तिघं बसलो. मी पुढं, मध्ये संस्कृती, मागं धुळाजी काठी आडवी धरून. रस्त्यावरची सगळी वाहनं त्या काठीला वाट देत होती.

शाळेत पोचलो तेव्हा साहेब माझ्याच वर्गात होते. चष्मा लावलेले, जरा थकलेले, आवाज मऊ. आम्ही दाराशीच थांबलो. ते हरिओमला टेबलापाशी बोलावून सांगत होते, बाळ, यातली अक्षरं घे आणि एखादा शब्द करून दाखव. हरिओम हाताची घडी घालून उभा. घे ना, साहेब म्हणाले. हरिओमनं सरांकडे बघितलं. साहेबांनी दुसऱ्या पोराला बोलावलं. तोही हाताची घडी घालून उभा राहिला. तिसरी पोरगी तर हात पाठीमागं नेऊन उभी राहिली. चौथीतली पोरं होती ती, त्यांना वाचता येत होतं. पण पंडित सरांनी दोन वर्षं त्यांना एकच धडा मन लावून शिकवला होता आणि तो त्यांना पक्का पाठ होता. शेवटी हरिओमच बोलला.

"हात लावायचा न्हाई, सर मनलेत."

पंडित सरांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मी संस्कृतीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं आणि साहेबांना सांगितलं, ही माझ्या दुसरीतली आहे. साहेबांनी बाकांकडे बघितलं, हरिओमच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि विचारलं, मग हे? मी म्हणाले, हे चौथीतले. सरांची इस्त्री तशीच होती, तोंड उतरलं होतं.

संस्कृती टेबलापाशी गेली. तिच्या पायांना रस्त्याची धूळ होती आणि फ्रॉकला कोकराचा वास. तिनं आधी अक्षरांवरून नुसता हात फिरवला, धुळाजीनं झाकणांवरून फिरवला होता तसाच. पंडित सरांचा हात सवयीनं पुढं आला आणि मागं गेला. साहेब म्हणाले, कर, तुला हवा तो शब्द कर.

मला वाटलं होतं, ती झिपरी मांडेल. ती बराच वेळ शोधत होती. एक अक्षर घ्यायची, ओठांतल्या ओठांत म्हणायची, ठेवायची. तिच्या बोटाला टाळीची सवय होती, ती टेबलावर हलकेच वाजवून घ्यायची. मग ती बाजूला झाली. साहेबांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं.

"धाडू नका." त्यांना काही कळलं नाही. "काय धाडू नका गं?"

"मला," संस्कृती म्हणाली. "सरांनी सांगितलंय. मुक्तामावशी आलती सांगायला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला जे हवं ते मांडायला सांगितलं होतं, आणि काल संध्याकाळपासून तिच्या डोक्यात तेवढंच होतं, ते तिनं मांडलं. दाराशी धुळाजीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. साहेब पंडित सरांकडे वळले आणि म्हणाले, तुमच्या खोलीत बसू.

आता पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. सरांचं काही वाकडं झालं नाही. साहेबांनी बंद खोलीत काय सुनावलं कोण जाणे, पण भेट 'समाधानकारक' झाली, चहा झाला, ग्रुपवर फोटो पडला. आमच्याकडे असंच असतं. मला त्याचा अजूनही राग आहे आणि तो जाऊ द्यायची माझी इच्छा नाही.

पण धुळाजी त्या दुपारी एकटाच मेंढरांकडे गेला. पोरीला कडूबाईच्या हाती दिलं. जाताना शाळेच्या फाटकाशी माझ्यापाशी थांबला. "आता कुणी बी धाडू नका मनू द्या मॅडम. म्हातारी धाडंल."

दुसऱ्या दिवशी कडूबाई नातीला हात धरून घेऊन आली, घंटेच्याही आधी. मी वर्गात गेले. टेबलावरची चादर गेली होती, अक्षरं गेली होती, पेटी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. मी सरांकडे किल्ली मागितली. सर म्हणाले, मॅडम, कालचं विसरा आता, पेटीचं नंतर बघू.

मी बाहेर आले. मुक्तामावशी चुलीपाशी लसूण कुटत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आज बघितलं, आणि खलातला लोखंडी बत्ता पदरानं पुसून माझ्या हातात दिला. कुलूप जुनं होतं, तिसऱ्या घावाला पडलं. सर ओरडत बाहेर आले तोवर मी पेटी ओसरीवर आणून ओतली होती, आणि माझी दुसरीतली पोरं तिच्याभोवती पालथी पडली होती. हरिओम दाराशी हाताची घडी घालून बघत उभा होता. संस्कृतीनं त्याच्याकडे एक 'ह' सरकवला. त्यानं सरांकडे बघितलं, मग खाली बसला आणि तो उचलला.